बिल्ला छातीवर, हिशेब कुणाकडे?

चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपल्या छातीवर बाबासाहेबांचा बिल्ला असतो. तो आपण अभिमानाने लावतो, घरी आल्यावर जपून ठेवतो. पण आपल्या समाजातील काही घरांत आणखी एक बिल्ला येतो. तारापूरच्या अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडून कामाला लागलेला तरुण, सरकारी इस्पितळातील एक्स-रे विभागातला कर्मचारी, कॅन्सरच्या रुग्णाला किरणोपचार देणाऱ्या खोलीतला मदतनीस, कारखान्यात पाइपाच्या वेल्डिंगचे किरणांनी फोटो काढणाऱ्या टोळीतला हेल्पर, या सर्वांच्या छातीवर कामाच्या वेळी प्लास्टिकचा एक लहानसा बॅज असायला हवा. त्याला टी.एल.डी. बॅज म्हणतात. त्याच्या आत किरणे टिपून ठेवणाऱ्या तीन चकत्या असतात.

पुष्कळ कामगारांचा समज असा आहे की हा बॅज लावला म्हणजे किरणे लागत नाहीत. हा समज अत्यंत चुकीचा आहे. बॅज काहीही अडवत नाही. शरीराला किती किरणे लागली एवढेच तो टिपून ठेवतो. ठरावीक मुदतीनंतर तो प्रयोगशाळेत जातो, तेथे यंत्रावर वाचला जातो आणि आकडा त्या माणसाच्या नावे लिहिला जातो. बॅज म्हणजे कामगाराच्या अंगावर चढलेल्या कर्जाची वही होय.

आता प्रश्न असा, की ही वही कोण तपासतो? आणि त्या तपासनिसाला कोण तपासतो? प्रस्तुत लेखात याच दोन प्रश्नांचा विचार करायचा आहे. विषय शास्त्रज्ञांचा वाटला तरी तो आपल्या घरातील भाकरीचा आणि आयुष्याचा आहे.

न दिसणारे ओझे

कारखान्यात गॅस गळला तर नाकाला कळते. तार उघडी असली तर झटका बसतो. किरणोत्सर्गाचे तसे नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. धोक्याच्या जागी तासभर उभा राहिलेला माणूस घरी येऊन नेहमीसारखा जेवतो आणि झोपतो. फार मोठा मारा झाला तर उलट्या होतात, केस गळतात, कातडी भाजल्यासारखी होते. थोडा थोडा मारा वर्षानुवर्षे झाला तर कॅन्सरचा संभव वाढतो, आणि तो आजार काम सुटल्यावर पुष्कळ वर्षांनीही डोके वर काढू शकतो. तेव्हा ठेकेदार कोण होता हेही कुणाच्या लक्षात राहिलेले नसते.

म्हणून या उद्योगात मोजणी हेच कामगाराचे पहिले संरक्षण आहे. किरणांची मात्रा मिलिसिव्हर्ट या मापाने मोजतात. आपल्या देशात किरणांशी संबंध येणाऱ्या कामगारासाठी पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा ठरलेली आहे. केंद्राबाहेर राहणाऱ्या सामान्य माणसासाठी ती वर्षाला अवघी १ मिलिसिव्हर्ट आहे. स्त्री कामगाराने गरोदर असल्याचे कळवले की पोटातील बाळालाही पुढच्या काळात १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळता कामा नये. अठरा वर्षांखालील मुलाला किरणांच्या कामावर लावताच येत नाही.

मर्यादा माणसामागे असते, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. अणुभट्टी दुरुस्तीसाठी बंद करतात तेव्हा आतल्या तापलेल्या जागी थोडा थोडा वेळ काम करायला पुष्कळ हात लागतात. तेथे कंत्राटी मजूर येतो. एकाची मर्यादा भरत आली की त्याच्या जागी दुसरा उभा करता येतो. कागदावर सर्व नियमात असते. पण तोच मजूर पुढच्या हंगामात दुसऱ्या ठेकेदाराकडे, दुसऱ्या गावी कामाला लागला आणि त्याचा मागचा आकडा त्याच्याबरोबर गेला नाही, तर त्याचे कर्ज पुन्हा शून्यापासून मोजले जाईल. शरीर मात्र शून्यापासून मोजत नाही.

तपासनीस कोण?

साध्या कारखान्यात राज्य सरकारचा कारखाने निरीक्षक जातो. यंत्राला जाळी आहे का, पिण्याचे पाणी आहे का, कामाचे तास किती, हे तो पाहतो. या कायद्याच्या इतिहासात बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडील कोळशाच्या खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. दिल्लीत बसून अहवाल वाचण्यावर त्यांनी भागवले नाही. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तोही त्यांनी पुढे नेलेल्या दुरुस्तीमुळे. ज्याच्यासाठी नियम करायचा त्याच्या जागी जाऊन पाहायचे, ही त्यांची रीत होती.

अणुऊर्जा खात्याच्या केंद्रांत मात्र राज्याचा कारखाने निरीक्षक जात नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने हे काम केंद्राकडे घेतले. पुढे १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले आणि किरणोत्सर्गाबरोबरच तेथील कारखाने कायद्याची अंमलबजावणीही त्याच्याकडे आली. मंडळाची कचेरी मुंबईत अणुशक्तीनगरला, नियामक भवनात आहे. मानखुर्दच्या आपल्या वस्त्यांपासून ती काही फार लांब नाही.

मंडळाचे काम असे चालते. अणुवीज केंद्राची जागा, बांधकाम, चाचणी आणि प्रत्यक्ष चालवणे, या प्रत्येक पायरीला त्याची परवानगी लागते. केंद्र चालवण्याचा परवाना पाच वर्षांचा असतो. दर दहा वर्षांनी केंद्राची नव्याने सर्वांगीण सुरक्षा-तपासणी होते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. इतक्या जुन्या यंत्रांच्या बाबतीत अशी तपासणी किती महत्त्वाची, हे जुन्या चाळीत राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. याशिवाय निरीक्षक वेळोवेळी केंद्रावर जातात, त्रुटी लिहून देतात, आणि गरज पडल्यास मंडळ काम थांबवू शकते.

तपासणी चोख असली तर ती उपयोगी पडते. कारवारजवळच्या कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियम असलेले जड पाणी मिसळले होते. ५० हून अधिक कामगारांच्या पोटात ते गेले. हे कळले कशावरून? कामगारांच्या लघवीची नेहमीची तपासणी होत होती म्हणून. ती तपासणी नसती तर कामगार ते पाणी आणखी किती दिवस पीत राहिले असते कोण जाणे!

पाटलाची तक्रार पाटलाकडेच

मग अडचण कुठे होती? मंडळ संसदेच्या स्वतंत्र कायद्याने झालेले नव्हते, सरकारी आदेशाने झालेले होते. ते ज्या अणुऊर्जा आयोगाला जबाबदार होते, त्या आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा खात्याचे सचिव असतात. म्हणजे अणुभट्ट्या बांधणारे आणि चालवणारे खाते वर, आणि त्यांना तपासणारा खाली. आपल्या वाडवडिलांना ही पद्धत चांगली ठाऊक आहे. पाटलाने अन्याय केला तर तक्रार पाटलाच्याच ओट्यावर जाऊन करायची!

याचा परिणाम काय होतो ते पाहा. उत्तर प्रदेशात नरोरा येथे ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलांतून पसरली आणि सारे केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिले. कर्मचाऱ्यांनी अंधारात बॅटऱ्या घेऊन, जिवावर उदार होऊन भट्टी सुरक्षित ठेवली. पात्यांत दोष असल्याची सूचना आधी मिळालेली होती, पण ती वेळेवर अमलात आली नव्हती. त्याच वर्षी डॉ. ए. गोपालकृष्णन मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात, १९९५ साली, अणुऊर्जा खात्याच्या केंद्रांतील सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींचा अहवाल तयार झाला. पद सोडल्यावर मंडळ खऱ्या अर्थाने स्वतंत्र नाही हे त्यांनी उघडपणे लिहिले. पुढे २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारातील तपासणी मंडळाकडून काढून केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे देण्यात आली.

ही केवळ आपल्याच देशाची गोष्ट नाही. अमेरिकेत अणुऊर्जेचा प्रसार आणि तपासणी एकाच आयोगाकडे होती. १९७५ पासून तपासणीसाठी वेगळा आयोग काम करू लागला. जपानात तपासणी करणारी संस्था अणुवीज वाढवू पाहणाऱ्या मंत्रालयाच्याच हाताखाली होती. मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या भट्ट्या वितळल्या. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ साली हा अपघात मानवनिर्मित असल्याचे म्हटले, आणि तपासणारे व तपासले जाणारे यांच्यातील साटेलोट्यावर बोट ठेवले. त्याच वर्षी तेथे नवे नियामक प्राधिकरण आले. बुद्धाला मानणाऱ्या त्या देशाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला.

बाबासाहेबांचा तपासनीस

आता तपासनिसाला तपासणारा कोण, या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. येथे पुन्हा बाबासाहेबच भेटतात.

भारतीय राज्यघटनेच्या १४८ व्या कलमात नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद आहे. मे १९४९ मध्ये घटना समितीत या पदावर बोलताना बाबासाहेबांनी ते घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद मानले होते, आणि त्याला न्यायाधीशांइतके तरी स्वातंत्र्य हवे असे मत मांडले होते. याच महालेखापरीक्षकांनी २०१२ साली अणुऊर्जा नियामक मंडळाची तपासणी करून अहवाल संसदेपुढे ठेवला.

त्यात काय आढळले? देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३ केंद्रे, म्हणजे शंभरातील ९१, मंडळाच्या नोंदणीशिवाय चालत होती. वेल्डिंगचे फोटो काढणारी आणि किरणोपचार करणारी जी केंद्रे होती, त्यांच्या ठरलेल्या तपासण्यांपैकी ८५ टक्के झाल्याच नव्हत्या. नियम मोडल्याबद्दल कायद्यातील दंड जास्तीत जास्त ५०० रुपये होता. राज्याराज्यांत किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालये स्थापन करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश २००१ चा. जुलै २०१२ पर्यंत ती फक्त केरळ आणि मिझोराममध्ये झाली होती. फुले-आंबेडकरांचे नाव घेणारा महाराष्ट्र त्या यादीत नव्हता.

पाचशे रुपये! गरिबाच्या जिवाची किंमत कायद्याच्या पुस्तकात किती लिहिली होती ते यावरून कळते.

डिसेंबर २०१३ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनेही मंडळाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उचलून धरला. मंडळानेही यानंतर हालचाल केली हे नमूद केले पाहिजे. २०१३ पासून संगणकावरून नोंदणी व परवाना देण्याची पद्धत सुरू झाली आणि नोंदणी वाढली.

मायापुरीचा धडा

तपासणी झाली नाही तर प्रथम कोण मरतो, हे दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजाराने दाखवून दिले. दिल्ली विद्यापीठात कोबाल्ट-६० असलेले एक जुने यंत्र होते. मंडळ जन्माला येण्याच्या आधी ते परदेशातून आणलेले होते, आणि १९८० च्या दशकापासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते इतर भंगाराबरोबर लिलावात विकले गेले. शिक्षण घेतलेल्या कुणीही आत काय आहे हे पाहिले नाही. मायापुरीत गरीब कामगारांनी शिशाच्या लोभाने नव्हे, पोटाच्या भुकेने ते फोडले. आतील कोबाल्टचे तुकडे हातोहात फिरले. एप्रिलमध्ये माणसे एकामागून एक इस्पितळात गेली. एका कामगाराचा मृत्यू झाला आणि सात जण आजारी पडले.

एक्स-रे यंत्राचे बटण बंद केले की किरणे थांबतात. कोबाल्टसारख्या पदार्थाला बटण नसते. तो बंद खोलीत, गोणीत, खिशात, रात्रंदिवस किरणे फेकत राहतो. कुर्ला, धारावी, मंडाळा येथील गाळ्यांत लोखंड फोडणाऱ्या आपल्या बांधवांना हे सांगितले कुणी?

नवा कायदा आला, पुढे काय?

नियामकाला कायद्याने स्वतंत्र करणारे एक विधेयक २०११ मध्ये लोकसभेत आले होते. २०१४ साली लोकसभेची मुदत संपली आणि ते तसेच बारगळले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनीही मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यात लिहावे असे सुचवले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती या नावाचा नवा कायदा मंजूर केला. त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि अपघाताच्या भरपाईचा २०१० चा कायदा रद्द करण्याची तरतूद केली, नियामक मंडळाला कायद्याचे स्थान दिले आणि दंडही वाढवला. त्याच वेळी अणुवीज क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना उघडले.

मंडळाला कायद्याचे स्थान मिळाले याचे स्वागत केले पाहिजे. पण नाव कायद्यात आले म्हणजे कणा ताठ झाला असे होत नाही. अस्पृश्यता १९५० सालीच घटनेने संपवली. ती गावातून किती गेली हे आपण जाणतो. मंडळावर कुणाची नेमणूक होते, निरीक्षक पुरेसे आहेत का, ते कंत्राटी मजुराशी मुकादमाला बाजूला ठेवून बोलतात का, आणि त्यांचे अहवाल लोकांना वाचायला मिळतात का, यावर सर्व अवलंबून आहे. खासगी मालक आला की खर्च वाचवण्याची घाई येईल. अशा वेळी तपासनीस दुप्पट जागा हवा.

कुणी म्हणेल, तुम्ही विजेच्या विरुद्ध आहात काय? मुळीच नाही. मजूर खात्याबरोबर वीज आणि पाटबंधाऱ्यांचा कारभारही बाबासाहेबांकडे होता. देशाला मुबलक वीज मिळावी म्हणून त्यांनी पायाभूत काम केले. पण वीज उजेड देईल आणि तिच्यासाठी खपणारा अंधारात राहील, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते.

आपण काय विचारायचे?

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. साहेब म्हणतो ‘काही होत नाही’, हेही पारखूनच घ्यावे. त्यासाठी पुढील गोष्टी घरातील सर्वांनी लक्षात ठेवाव्यात.

किरणांच्या कामावर जाणाऱ्याने स्वतःच्या नावाचा बॅज मागावा. दुसऱ्याचा बॅज लावू नये, आपला दुसऱ्याला देऊ नये, आणि काम जास्त मिळावे म्हणून तो बाहेर काढून ठेवू नये. तसे केले तर शरीराची वही कोरी राहते आणि उद्या दाद मागायला कागद उरत नाही.

२००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी मालकावर बंधन घातले, की कामगाराला त्याच्या मात्रेची व आरोग्य तपासणीची नोंद दरवर्षी, तो मागेल तेव्हा, आणि काम सुटताना द्यायची. नव्या मालकाने जुन्या मालकाकडून ती मागवून घ्यायची. हा कागद मागणे म्हणजे भांडण करणे नव्हे. पगाराच्या पावतीसारखा तो मागावा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवावा.

एक्स-रे काढायला गेल्यावर भिंतीवर नियामक मंडळाचा परवाना आहे का ते पाहावे. गरोदर बहिणींनी आधी सांगावे. गरज नसताना लेकराला घेऊन त्या खोलीत उभे राहू नये.

भंगारात पिवळ्या पाटीवर पंख्याच्या तीन पात्यांसारखी खूण दिसली, किंवा आकाराच्या मानाने फारच जड, शिशाचे बंद भांडे आले, तर ते फोडू नये, घरी नेऊ नये. दूर व्हावे आणि ११२ वर पोलिसांना कळवावे. चार पैशांचे नुकसान परवडेल.

विहारात रविवारी वंदना झाल्यावर या विषयावर अर्धा तास जरूर घ्यावा. आपली शिकलेली मुले माहितीच्या अधिकारात तपासणीचे अहवाल मागू शकतात. ‘शिका’ याचा अर्थ अशा वेळी अर्ज लिहायला शिका असाही होतो.

आणि ज्या घरातला मुलगा अशा कामाला जातो, त्या घरातल्या आईने रात्री ताट वाढताना त्याला विचारावे, बाळा, या वर्षाचा तुझा आकडा किती झाला? त्याला सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी तो प्रश्न त्याने ठेकेदाराला विचारावा. ठेकेदाराला सांगता आले नाही, तर तो नियामक भवनापर्यंत गेला पाहिजे.

जय भीम!